उद्यामास्तरांची मुदत

हां, तर काल कुठवर आलो होतो? मास्तरांची कात्री कापडावर टेकलेली आणि दारात ती वरच्या मजल्यावरची मुलगी कमरेवर हात ठेवून उभी, इथवर.

"काका, माझा कोट," ती म्हणाली.

"उद्या," मास्तर म्हणाले. वर न बघता.

काल ज्यांना डुलकी लागली होती त्यांच्यासाठी पुन्हा सांगायला हवं, की या माणसाला सगळी गल्ली उद्यामास्तर म्हणायची. हात असा, की त्यांनी शिवलेला कोट वाकड्या खांद्याच्या माणसालाही सरळ करायचा. पण तारीख? तारीख म्हटली की मास्तरांचा आणि पंचांगाचा काही संबंधच उरत नसे. गुरुवार म्हणाले की सोमवार धरायचा, आणि सोमवार म्हणाले तर तो कुठला सोमवार ते विचारायचं नाही. जाणती गिऱ्हाइकं थंडीचा कोट भर उन्हाळ्यात टाकायची, म्हणजे निदान पुढच्या थंडीत तरी अंगावर चढेल.

दुकान म्हणजे एक अरुंद खोली. काचेच्या दाराशी मशिन, मागं इस्त्रीची फळी, कोपऱ्यात माप घ्यायला पडदा, आणि भिंतभर खुंट्यांवर अर्धवट कपडे, प्रत्येकाच्या कॉलरला टाचणीनं अडकवलेली चिठ्ठी. मास्तरांची बायको साबणाच्या कारखान्यात वड्या गुंडाळायच्या कामाला होती. संध्याकाळी सुटली की दुकानात येऊन काजं करायची, तुरपाई घालायची. तिच्या हातांना सदा साबणाचा वास. कपडे उशिरा मिळाले तरी वासाला छान असतात, असं गिऱ्हाइकंच म्हणायची.

आणि ती मुलगी दुकानाच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावरच्या शेअर दलालाच्या ऑफिसात कामाला.

"काका, तुमच्यासारखं आम्ही वागलो ना, तर संध्याकाळपर्यंत आमच्या ऑफिसला कुलूप लागेल."

"का गं? तुम्ही पण कपडे शिवता?"

"आमच्याकडे मुदत विकत घेतात माणसं. रोख पैसे देऊन."

आता मास्तरांनी मान वर केली. जन्मभर जी गोष्ट आपण गल्लीभर फुकट वाटली, ती कोणी विकतही घेतं? त्यांनी स्टूल पुढं सरकवलं. "बैस. कोट आत्ता काढतो, पण आधी हे सांग."

मुलगी हुशार. तिनं फळीवरच्या निळ्या कापडाच्या ताग्यावर हात ठेवला.

"समजा हा तागा आज शंभराला आहे. तुम्हाला वाटतंय, महिन्याभरात महाग होणार. पण आज शंभर मोडायची तयारी नाही. तुम्ही व्यापाऱ्याला चार देता आणि म्हणता, महिनाअखेरीस मला हवा असेल तर हा तागा शंभरालाच द्यायचा. पुढं भाव एकशेवीस झाला तरी तुम्हाला शंभरालाच. आणि ऐंशीला उतरला, तर तुम्ही त्याच्याकडे जायचंच नाही."

"आणि माझे चार?"

"ते त्याचे. तागा घेतलात तरी किमतीतून वळते होत नाहीत."

"म्हणजे इसार नव्हे."

"इसार नव्हे. हक्काची किंमत. तिला प्रीमियम म्हणतात. ताग्याच्या जागी शेअर ठेवा, की झाला ऑप्शन. हा घेण्याचा हक्क, म्हणून याला कॉल म्हणायचं."

मास्तरांनी खडू कानावर खोचला. "आणि ऐन वेळी व्यापाऱ्याच्या जिवावर आलं तर?"

"त्याच्या जिवावर यायची सोयच नाही, त्यानं चार घेतलेत. तुम्ही मोकळे, तो बांधलेला. तुमचं जास्तीत जास्त चाराचं नुकसान, त्याचं किती होईल त्याला मोजमाप नाही. म्हणून नवख्यानं विकायच्या बाजूला उभं राहू नये. आणि घेतलं तरी तेवढेच घालावेत, जे गेले तर रात्रीची झोप जाणार नाही."

"आणि मधेच पैसे हवे झाले तर?"

"हा हक्क दुसऱ्याला विकता येतो, मुदत संपेपर्यंत. संपली की तो कागदही नाही."

मास्तरांना ते असं आवडलं, की त्या दिवशी मुलीला कोट खरोखरच मिळाला. गल्लीत दोन दिवस चर्चा होती.

आता माणसाला नवीन सुई मिळाली की तो काहीतरी टोचून बघणारच. मास्तर ज्या कंपनीचा दोरा वापरायचे तिची रिळं महाग होत चालली होती. मास्तरांनी विचार केला, रीळ चढतंय म्हणजे कंपनी चढणार. नव्या मशिनसाठी बाजूला टाकलेल्या पैशांतला एक तुकडा उचलला, वर जाऊन सह्या केल्या आणि त्या कंपनीच्या शेअरचा शंभराचा कॉल चाराला घेतला. बायकोला सांगितलं नाही. सांगायचं होतं, उद्या.

आणि भाव चढला की हो! मुलगी जिन्यातून ओणवी होऊन ओरडली, "काका, तुमच्या चाराचे नऊ झालेत! विकायचे?"

मशिन घरघरत होतं. मास्तरांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "उद्या!"

दुसऱ्या दिवशी सात. त्यानंतर भाव थोडा खाली उतरला आणि तिथंच मांडी घालून बसला. मास्तर रोज वर जाऊन ऑफिसातल्या भावाच्या पडद्याकडे बघायचे. शेअर होता तिथंच, पण त्यांचा प्रीमियम मात्र तीन झाला, दोन झाला.

"पोरी, शेअर तर जागचा हललेला नाही. मग माझे पैसे कोण नेतंय?"

"दिवस नेतायत काका. तुम्ही मुदत घेतलीत ना? ती रोज संपतेय. बर्फाची लादी कोणी चोरत नाही, ती नुसती बसल्या जागी वितळते. आज विकून टाका, दोन तरी हातात येतील. उद्या शेवटचा दिवस आहे."

"बघतो."

शेवटच्या दिवशी मास्तरांना एका जाड्या गिऱ्हाइकाच्या जाकिटाचं अस्तर घालायचं होतं. भाव शंभराच्या खालीच लोळत होता. ते वर गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी. छान भांग पाडून, धुतलेला सदरा घालून गेले, कारण दोऱ्याच्या कंपनीचा शेअर त्या सकाळी वावटळीतल्या पतंगासारखा वर गेला होता.

"काय गं, म्हणत होतो ना? आता काढ माझे पैसे!"

मुलीनं पडद्यावरची तारीख त्यांना दाखवली. मग हळू आवाजात म्हणाली, "काका, तुमची मुदत काल संपली."

"एका दिवसानं काय होतंय?"

बघा आता. बाजारात हजार प्रकारचे लोक हजार चुका करतात. कोणी हावेनं, कोणी भीतीनं. पण मुदतीची तारीख ही शिंप्याची तारीख असते, चार दिवस इकडंतिकडं चालतं, असं मनापासून समजणारा माणूस त्या ऑफिसानं पहिल्यांदाच पाहिला होता.

घरी सांगावंच लागलं. बायको भाजी निवडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "म्हणजे तुम्ही बाजाराला पण 'उद्या या' म्हणालात?"

मास्तरांनी भाजीची एक जुडी पुढ्यात ओढून निवडायला घेतली.

"आणि बाजार आला नाही."

आता ती हसायला लागली. हसता हसता डोळे पुसले, मग मास्तरही हसले, बिचारे, दुसरं काय करणार? शेवटी ती म्हणाली, "गेले ते शिकवणीचे समजा. पण पुन्हा त्याच इयत्तेत बसू नका."

एवढ्यावर गोष्ट संपली असती. पण त्याच सुमारास दुकानाच्या मालकीणबाईंनी निरोप धाडला.

बाई समोरच्या घरात राहायच्या. आता लेकीकडे कायमच्या जायचं ठरलं होतं, म्हणून दुकान विकायला काढलं. म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही जुने. पहिला मान तुमचा. एवढी किंमत, आणि पुढच्या महिन्याच्या तीस तारखेपर्यंत पूर्ण पैसे. तोवर दुसऱ्याला देणार नाही. पण थांबण्याचे म्हणून थोडे वेगळे द्या. ते परत मिळायचे नाहीत."

मास्तरांचे डोळे चमकले. म्हटलं, बाई, तुम्ही तर मला कॉल विकताय! अर्थात हे मनातल्या मनात. त्यांनी पैसे दिले, कागद केला, दोघांच्या सह्या झाल्या. बाई गोड हसल्या. त्या हसण्यामागं काय होतं ते नंतर उघड झालं. मोबाइलच्या दुकानवाल्यानं त्यांना कधीच जास्त रक्कम सांगितली होती, आणि बाईंचा हिशेब सरळ होता, की हा माणूस जन्मात तारखेला आलेला नाही, आता काय येतोय? थांबण्याचे पैसे खिशात, आणि एकतीस तारखेला दुकान मोबाइलवाल्याला.

मास्तरांसाठी मात्र हा थट्टेचा मामला नव्हता. पन्नाशी ओलांडलेल्या शिंप्यानं जायचं कुठं? गिऱ्हाईक नव्या गल्लीत येतं होय? इथं लोक त्यांचा उशीर सोसत होते, कारण त्यांना तो पाठ होता. नव्या जागी पहिल्याच उशिराला लोक कापड उचलून नेतील. दुकान गेलं की धंदा गेला, हे नवराबायको दोघंही जाणून होती.

पैसे होते, पण कुठं? बायकोच्या शेअरमध्ये. साबणाच्या कंपनीनं जुन्या कामगारांना वर्षानुवर्षं थोडेथोडे शेअर दिले होते. एकेका शेअरमागं किती वड्या गुंडाळल्या ते तिच्या बोटांना माहीत. आजच्या भावानं विकले तर दुकानाची किंमत नेमकी निघत होती. ना वर, ना खाली.

"आजच विकूया," मास्तर म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी 'आज' हा शब्द उच्चारला असेल.

"अजिबात नाही," बायको म्हणाली. "नवा कारखाना उभा राहतोय आमचा. महिन्याभरात भाव चढेल. मग दुकानही होईल आणि त्याचं गळकं छतही."

"आणि उतरला तर?"

"तुम्हाला चांगलं सुचतच नाही का हो कधी?"

"दोऱ्याच्या वेळी सुचलं होतं की!"

तीन दिवस घरात भांड्यांचाच काय तो आवाज. खरं सांगायचं तर दोघंही बरोबर होती. विकून टाकलं आणि भाव चढला, तर ती जन्मभर बोलून दाखवणार. ठेवलं आणि भाव पडला, तर दुकान हातचं गेलं.

चौथ्या दिवशी त्या जाड्या गिऱ्हाइकाचं जाकीट परत आलं. महाशय आणखी सुटले होते. मास्तरांनी पाठीची शिवण उसवली आणि आत दुमडून ठेवलेली कापडाची पट्टी मोकळी केली. शिवताना आत कापड राखून ठेवतात ना, ज्याला शिंपी माया म्हणतात, ती. तिचे पैसे गिऱ्हाइकानं आधीच भरलेले असतात. माणूस सुटला नाही, तर ती जन्मभर आतच राहते, कोणाला दिसतही नाही. कोणी तक्रार करतं का, की माझी माया वापरलीच गेली नाही?

मास्तरांचा हात थांबला. जाकीट तसंच मशिनवर टाकून ते जिना चढले, सुई सदऱ्याला टोचलेलीच.

"पोरी, घेण्याचा हक्क विकत मिळतो. तसा विकण्याचा मिळतो का?"

मुलगी खुर्चीतून उठलीच. "काका! मी काही बोललेच नव्हते. हे कोणी सांगितलं?"

"जाकिटानं. बायकोकडे साबणाच्या कंपनीचे शेअर आहेत, त्यांचा मिळतो का सांग."

"मिळतो. त्याला पुट म्हणतात. साबणाचा शेअर आज शंभराला आहे. तुम्ही प्रीमियम भरायचा, समजा चार. मग मुदतीच्या दिवशी भाव कितीही पडला, साठ होवो, चाळीस होवो, तुमचे शेअर शंभरालाच घ्यायला समोरचा बांधलेला. आणि भाव एकशेवीस झाला, तर हक्क सोडून द्या आणि शेअर एकशेवीसला विका. फक्त असे सौदे ठोक गठ्ठ्यानं होतात, त्याला लॉट म्हणतात. काकूंकडे किती शेअर आहेत?"

मोजले. एक लॉट बरोबर भरत होता, वर चिल्लर उरत होती. पुटची मुदत सरत होती बाईंनी सांगितलेल्या महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी, म्हणजे बाईंच्या तारखेच्या आधी. देवानंच माप घेऊन कापलं असतं तरी एवढं नेमकं बसलं नसतं.

घरी येऊन मास्तरांनी बायकोपुढं जाकीट धरलं आणि माया दाखवली. तिला एका दमात कळलं. ज्या बाईनं आयुष्यभर तुरपाई घातली तिला आणखी काय समजवायचं? तिनं एवढंच विचारलं, "प्रीमियम कशातून?"

"नव्या मशिनच्या पैशातून. जुनं चालतंय अजून."

"खटखटतंय."

"खटखटू दे. स्वतःच्या दुकानात खटखटेल."

पुट घेतला. कागद तिनं आपल्या हातानं मशिनच्या वरच्या खिळ्याला लावला. खाली तारीख खडूनं, भली मोठी.

पहिले काही दिवस भाव चढला. एकशेपाच, एकशेआठ. बायको मशिनशी येऊन सहज म्हटल्यासारखं म्हणायची, "छत पण होणार बहुतेक." मास्तर म्हणायचे, "होऊ दे. मग मायेचे पैसे गेले म्हणून मी रडणार नाही." आणि खरंच रडले नसते.

मग एका सकाळी बातमी आली की दुसऱ्या एका बड्या कंपनीनं निम्म्या किमतीत साबण बाजारात उतरवला. दुपारपर्यंत भाव नव्वद. दुसऱ्या दिवशी ऐंशी. आठवड्याभरात एकसष्ट. कारखान्यात बायका रडत होत्या. मास्तरांची बायको घरी आली, पिशवी खुंटीला अडकवली आणि चपला न काढताच बसली.

"माझ्या वड्या वाहून गेल्या हो."

"अगं, वड्या जागच्या जागी आहेत. उठ, काजं राहिलीत." आणि मास्तरांचं जुनं मशिन खटखटत राहिलं. असं खटखटलं म्हणे, की गल्लीतल्या लोकांना वाटलं, हा माणूस एक तर वेडा झालाय, नाहीतर याला कसला तरी खजिना सापडलाय.

बायकोला तरी भरवसा पुरता वाटत नव्हता. एकच घोर. कागद खरा, हक्क खरा, पण माणूस तोच ना? सोमवारी सकाळी जाग आली तर शेजारी अंथरूण रिकामं. धावत दुकानावर आली तर दाराला कुलूप. वर बघितलं, तर दलालाच्या बंद ऑफिससमोर पायरीवर मास्तर बसलेले, मांडीवर एक तपकिरी कोट, त्याला अस्तर घालत.

मुलगी किल्ल्या वाजवत आली. "काका? मुदत उद्या आहे."

"शेअर द्यायचेत असं कळवायला एक दिवस आधी यायचं असतं ना? तूच सांगितलंस. लिहून घे. पूर्ण लॉट, शंभरानं."

मुलीनं लिहून घेतलं. लिहिताना तिचे ओठ थरथरत होते, हसू दाबल्यानं. भाव त्या दिवशी अठ्ठावन्न होता. मास्तरांचे शेअर शंभराला गेले. ठरलेल्या दिवशी पैसे बँकेत जमा झाले, उरलेल्या चिल्लर शेअरची तूट घरखर्चातून भरून निघाली, आणि बँकेतून दुकानाच्या पूर्ण रकमेचा चेक हातात पडला. बायकोनं तो आधी नीट वाचला, मग दुमडला, मग पुन्हा उलगडून वाचला.

तीस तारखेला सकाळी दोघं निघाली. दुकानासमोर बघतात तर मोबाइलवाला टेप लावून दुकानाची दर्शनी बाजू मोजतोय. पाटीचं माप घेत होता बेटा!

मास्तर थांबले. थोडं बघत राहिले. मग राहवेना.

"राव, टेप उलटा धरलाय. सेंटिमीटरची बाजू वर आलीय. असं मोजलंत तर तुमची पाटी गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जाईल."

"अं? बाई म्हणाल्या उद्यापासून दुकान मोकळं..."

"बाई म्हणाल्या का? छान. चला तर मग, तुम्ही पण चला. साक्षीदार लागतोच."

आणि काय वरात निघाली हो! पुढं मास्तर हातावर तपकिरी कोट घेऊन, मागं बायको चेकची पर्स छातीशी धरून, तिच्यामागं मोबाइलवाला, टेप तसाच लोंबत. जिन्यावरून मुलगी बघत होती, तिनं वरून अंगठा दाखवला आणि ऑफिसातली चार माणसं बोलावून आणली.

मालकीणबाई चहा पीत होत्या. मास्तरांच्या बायकोनं चेक टेबलावर ठेवला आणि बशीच्या कडेखाली सारला, उडू नये म्हणून. शेजारी तो सह्यांचा कागद. बाईंनी चेक पाहिला, कागद पाहिला, भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. आज तीसच होती. मोबाइलवाल्यानं मुकाट्यानं टेप गुंडाळला.

मग मास्तरांनी कोट पुढं केला. बाईंनी तो अस्तर बदलायला दिलेला, त्याला किती थंड्या उलटल्या ते बाईंनाही आठवत नव्हतं. नवं अस्तर चकचकत होतं, बटणं पक्की, कॉलरला चिठ्ठी नव्हती.

बाईंनी कोट उलटसुलट करून पाहिला. शेवटी म्हणाल्या, "मास्तर, मला वाटलं होतं तुम्ही उद्या याल. तुम्ही आज कसे आलात?"

मास्तर म्हणाले, "बाई, उद्या मला फुकट मिळत होता तोवर मी गल्लीभर वाटला. मग एकदा पैसे देऊन घेतला, तो डोळ्यांदेखत वितळला, तेव्हा कळलं एक दिवस केवढ्याला पडतो. तुम्ही चावी काढा, तोवर कोट घालून बघा. बाही आखूड वाटली तर सांगा, सुई आणलीय, आत्ता उसवून देतो."